आधी पत्ता की आधी ओळख?

समजा, पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने डिजिटल सातबाऱ्याच्या साइटवर लॉगिन केलं, १५ रुपये भरले, मालेगावच्या शिवारातल्या शेताचा उतारा स्क्रीनवर आणला आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून गावी बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. मालेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, नाशिकचं नव्हे. बाबांनी लिंकवर बोट ठेवलं, तर उतारा नाहीच. लॉगिनचं पान समोर. "अरे, तू पाठवलेलं उघडत नाही." मुलगा पुन्हा बघतो, त्याच्याकडे उघडतंय. पत्ता तोच, अक्षर न् अक्षर तेच. मग दोघांना दोन वेगळी पानं कशी दिसली?

आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. राज्यात सही-शिक्क्याची गरज नसलेला, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला आणि लॉगिनशिवाय न उघडणारी पानं शेतकऱ्याच्या घरात आली. त्याआधीपासून महाभूलेखवर उतारा नुसता पाहता येत होता. तिथे वाशिम जिल्हा निवडायचा, गट क्रमांक टाकायचा, झालं. त्याला लॉगिन लागत नाही. मात्र तो उतारा सरकारी कामाला चालत नाही. एक दार सगळ्यांसाठी उघडं आणि दुसरं ओळख पटल्यावरच उघडणारं, अशी ही मांडणी आहे. आता जवळजवळ प्रत्येक साइटवर ती असते. कोणाला कुठल्या पानावर न्यायचं हे सर्व्हरला सांगणारे नियम असतात. त्यांना रीराइट नियम म्हणतात. ते लिहिणारे जाणते लोकही एका जागी हमखास अडतात, आणि ती जागा समजून घेण्यासारखी आहे.

पत्ता म्हणजे फाइलची जागा नव्हे

उदाहरणासाठी एक साइट मनाने उभी करू. रिसोड तालुक्यातली एखादी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. तिच्या साइटवर 'भाव' हे पान सगळ्यांना खुलं आहे: आज सोयाबीन काय, तूर काय, हरभरा काय. 'सभासद' हा विभाग मात्र सभासदांपुरता आहे. कोणी किती क्विंटल माल घातला, किती रक्कम जमा झाली, पावत्या, हिशेब, सगळं त्यात.

ब्राउझर सर्व्हरकडे जातो तेव्हा एक छोटी मागणी घेऊन जातो. 'सभासद/खाते' हे पान द्या, एवढंच तिच्यात ठळक असतं. वेबच्या सुरुवातीच्या काळात हा पत्ता म्हणजे सर्व्हरच्या डिस्कवरच्या फाइलीचा सरळ मार्ग असायचा. आता तसं राहिलेलं नाही. 'खाते' नावाची फाइल डिस्कवर नसेलही. त्या पत्त्यामागे एखादा प्रोग्राम असेल, जो डेटाबेसमधून हिशेब काढून पान तयार करतो.

तहसील कचेरीचं चित्र डोळ्यांसमोर आणलं की पुढचं सगळं सोपं होतं. दारातला शिपाई तुमच्या हातातली चिठ्ठी वाचतो आणि चार नंबरच्या खोलीकडे बोट दाखवतो. आत टेबलावरचा कारकून तुमचं ओळखपत्र पाहून तुम्ही कोण हे पडताळतो. शिपाई कागद वाचतो, कारकून माणूस ओळखतो. वेब सर्व्हरमध्येही ही दोन कामं वेगवेगळे भाग करतात.

अपाची हा सर्व्हर १९९५ मध्ये आला. त्यात शिपायाचं काम मॉड-रीराइट नावाचा भाग करतो. तो राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये लिहिला आणि पुढच्या वर्षी अपाचीला देऊन टाकला. एनजिन्एक्स हा इगोर सिसोएव यांचा सर्व्हर २००४ मध्ये लोकांपुढे आला. त्यात अशी सोय अंगचीच आहे. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएसला ती वेगळी जोडावी लागते.

शिपाई दोन प्रकारे वागू शकतो. एक, तुम्हाला न सांगता आतल्या आत चिठ्ठीवरचा खोली क्रमांक बदलून काम करून आणतो. तुमच्या ब्राउझरच्या पट्टीत जुनाच पत्ता राहतो. हे रीराइट. दोन, "इथे नाही, तिकडे जा" असं सांगून तुम्हालाच परत पाठवतो. ब्राउझर नवा पत्ता घेऊन पुन्हा येतो आणि पट्टीतला पत्ता बदललेला दिसतो. हे रीडायरेक्ट. मालेगावच्या बाबांना लॉगिनचं पान दिसलं ते सहसा या दुसऱ्या प्रकाराने.

सर्व्हरला तुमची आठवण नसते

वेबवरची देवाणघेवाण ज्या पद्धतीने चालते ती एचटीटीपी विसराळू आहे. आधीच्या मागणीचा पुढच्या मागणीशी काही संबंध ती ठेवत नाही. दर वेळी तुम्ही नवखेच. म्हणून प्रत्येक मागणीसोबत ओळखीची काहीतरी खूण पाठवावी लागते.

जुनी आणि साधी रीत म्हणजे बेसिक ऑथेंटिकेशन. त्यात ब्राउझर स्वतःची छोटी खिडकी उघडून नाव आणि पासवर्ड मागतो आणि नंतर दर मागणीबरोबर ते दोन्ही पाठवतो. पाठवताना अक्षरांची नुसती अदलाबदल केलेली असते, कुलूप वगैरे काही नसतं. वाटेत कोणीही ते उलटं करून वाचू शकतो. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस नसेल तर ही रीत वापरूच नये.

दुसरी रीत कुकीची. नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ती आणली. एकदा लॉगिन झालं की सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक, कुणाला सहज ओळखता येणार नाही असा क्रमांक देतो. पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर तो परत दाखवतो. हा क्रमांक ब्राउझरच्या पोटात असतो, पत्त्यात नसतो. मुलाने पत्ता पाठवला तेव्हा कुकी पुण्यातच राहिली. बाबांच्या फोनमधून गेलेल्या मागणीत ती नव्हती, म्हणून सर्व्हरने त्यांना लॉगिनकडे वळवलं. शिवाय अनेक सरकारी साइटवर गट क्रमांक पत्त्यात नसतोच. तो फॉर्ममधून वेगळा पाठवला जातो. अशा वेळी बाबांनी स्वतः लॉगिन केलं तरी त्या लिंकवरून तोच उतारा उघडणार नाही. सातबारा पाठवायचा तर पीडीएफ फाइलच पाठवावी.

> चौकट: सर्व्हरच्या उत्तरातले आकडे
>
> २०० – घ्या, हे तुमचं पान.
> ३०१ – हे पान कायमचं दुसरीकडे गेलं. (ब्राउझर हे लक्षात ठेवतो.)
> ३०२ – या वेळेपुरतं तिकडे जा.
> ४०१ – आधी तुम्ही कोण ते सांगा.
> ४०३ – तुम्ही कोण ते कळलं. तरी इथे येण्याचा अधिकार नाही.
> ४०४ – असं पान नाही.

खरी मेख: क्रम

आता कंपनीला वाटलं, प्रत्येक सभासदाला 'सभासद/खाते' हाच एक सोपा पत्ता द्यावा आणि आतल्या आत सर्व्हरने ज्याला त्याला त्याच्या कप्प्यात न्यावं. २१४ क्रमांकाचा सभासद आला तर २१४ चा कप्पा, २१५ आला तर २१५ चा. नियम सोपा वाटतो: ओळख पटलेल्या माणसाचं नाव घ्या आणि ते पत्त्यात घाला. अपाचीमध्ये हे नाव 'रिमोट-यूजर' या डब्यात मिळतं.

नियम लिहिला, सर्व्हर पुन्हा चालू केला, लॉगिनही नीट झालं. पण डबा रिकामा! सभासद २१४ च्या कप्प्याऐवजी सर्व्हर बिननावाच्या कप्प्यात डोकावतो आणि ४०४ देतो. माणूस पासवर्ड तपासतो, फाइलींचे अधिकार तपासतो, स्पेलिंग तपासतो. सगळं बरोबर असतं.

चुकलेला असतो तो कामाचा क्रम. आलेली मागणी अपाची ठरावीक टप्प्यांतून नेतो. अगदी सुरुवातीला पत्त्याचं फाइलीच्या मार्गात रूपांतर होतं. त्यानंतर कुठून आलात ते पाहिलं जातं, मग ओळख पटवली जाते, मग अधिकार तपासला जातो, मग किरकोळ दुरुस्त्यांचा टप्पा येतो आणि शेवटी पान तयार होतं. रीराइट नियम सर्व्हरच्या मुख्य फाइलीत लिहिला तर तो पहिल्याच टप्प्यात चालतो. त्या वेळी ओळख पटलेलीच नसते. दारातल्या शिपायाला कारकुनाने अजून न तपासलेलं नाव विचारल्यासारखं हे आहे. तो बिचारा सांगणार कुठून?

तोच नियम एखाद्या फोल्डरपुरता लिहिला, म्हणजे त्या फोल्डरमधल्या डॉट-एचटीॲक्सेस फाइलीत किंवा मुख्य फाइलीतल्या डिरेक्टरी विभागात, तर तो दुरुस्त्यांच्या टप्प्यात चालतो. तो टप्पा ओळखीनंतरचा. आता डब्यात २१४ असतं. साच्याच्या सुरुवातीची तिरपी रेघ काढावी लागते (ते पुढे येईलच), बाकी केवळ जागा बदलल्याने तो चालू लागतो. "माझ्याकडे चालतंय, सर्व्हरवर चालत नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं, आणि हे एक कळलं की या विषयातला निम्मा गोंधळ संपतो, असं माझं ठाम मत आहे.

मुख्य फाइलीतच नियम ठेवायचा असेल तर अपाचीने एक पळवाट दिली आहे. डब्याच्या नावाआधी एल-ए-यू ही तीन अक्षरं लावायची. ती म्हणजे 'पुढे डोकावून बघ' अशी सूचना. सर्व्हर मग आतल्या आत एक लुटुपुटीची मागणी तयार करतो, ती ओळखीच्या टप्प्यापर्यंत चालवून बघतो, नाव घेऊन परत येतो आणि मग मूळ नियम चालवतो. काम होतं, पण ओळख तपासण्याची मेहनत दोनदा पडते. गर्दीच्या साइटवर हे जड जातं.

एनजिन्एक्समध्ये रीराइटचा टप्पा अधिकार तपासण्याच्या आधी येतो, म्हणून तिथे जागा बदलून भागत नाही. आणि तिथे एक जास्त धोक्याची गोष्ट आहे. त्याच्याही डब्यात नाव मिळतं, पण ते मागणीसोबत आलेलं, माणसाने स्वतः सांगितलेलं नाव असतं. रीराइटच्या वेळी पासवर्ड खरा की खोटा हे पाहिलेलं नसतं. कोणीही २१५ असं नाव आणि मनाला येईल तो पासवर्ड पाठवला, तरी नियमाला २१५ च दिसतं. त्या नावावर विसंबून पासवर्ड न मागणाऱ्या विभागात नेणारा नियम लिहिला, तर दुसऱ्याचा हिशेब उघडा पडला म्हणून समजा. तिथली योग्य सोय म्हणजे ऑथ-रिक्वेस्ट: सर्व्हर मूळ मागणी थांबवून लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रामला विचारतो. होकार आला, म्हणजे २०० च्या घरातलं उत्तर आलं, की पुढे जाऊ देतो; ४०१ किंवा ४०३ आलं की अडवतो.

नियमाच्या पोटात

नियमाचा पहिला भाग म्हणजे पत्त्याचा साचा. तो असा:

^सभासद/खाते$

सुरुवातीची टोपी म्हणजे 'पत्ता इथून सुरू', शेवटचं डॉलरचं चिन्ह म्हणजे 'इथे संपला'. ही दोन चिन्हं विसरली तर 'जुने-सभासद/खाते-बंद' असला पत्ताही साच्यात बसतो. साच्यातला टिंब म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. खरा टिंब हवा असेल तर त्याच्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

मुख्य फाइलीत पत्ता तिरप्या रेघेने सुरू होतो. फोल्डरपुरत्या नियमात मात्र अपाची फोल्डरपर्यंतचा भाग आणि ती रेघ कापून उरलेलाच तुकडा साच्यासमोर ठेवतो. मुख्य फाइलीतला नियम उचलून डॉट-एचटीॲक्सेसमध्ये जसाच्या तसा ठेवला तर तो कधीच लागू होत नाही. चुकल्याचा संदेश येत नाही, काही नाही. नुसता गप्प राहतो.

मराठी पत्त्यांचा एक वेगळाच प्रश्न आहे आणि त्याकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जातं. ब्राउझरमध्ये 'वाशिम' असं दिसलं तरी तारेवरून जाताना देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. व, काना, श, वेलांटी, म अशा पाच चिन्हांच्या 'वाशिम'ची तिथे ४५ अक्षरं होतात. अपाची साचा लावण्याआधी त्यांचं पुन्हा मूळ रूप करतो, त्यामुळे साच्यात सरळ देवनागरी लिहिता येते. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली हवी, इतकंच.

पण आता 'शेतकऱ्यांसाठी' असा पत्ता घ्या. त्यातला 'ऱ' दोन प्रकारे साठवता येतो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला पहिल्यात तीन बाइट दिसतात आणि दुसऱ्यात सहा. पान बनवणाऱ्याने एका कीबोर्डवर टाइप केलं आणि नियम लिहिणाऱ्याने दुसऱ्यावर, तर साचा जुळत नाही. तासन् तास पाहूनही चूक सापडत नाही, कारण ती दिसण्यासारखी नसतेच. यावर उपाय म्हणजे नियमातला शब्द हाताने टाइप न करता पानाच्या खऱ्या पत्त्यातूनच उचलायचा.

फेऱ्यात सापडलेलं पान

"लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानावर पाठवा" हा नियम कुणीही लिहील. पण लॉगिनचं पानही त्याच नियमाखाली आलं तर? लॉगिन नाही, म्हणून लॉगिनच्या पानाकडे. तिथेही लॉगिन नाही, म्हणून पुन्हा लॉगिनच्या पानाकडे. क्रोम अशा २० उड्या मारून थांबतो आणि फार वेळा वळवलं गेल्याची तक्रार दाखवतो. लॉगिनचं पान, त्याची चित्रं, त्याची सजावटीची फाइल, पासवर्ड विसरल्याचं पान, हे सगळं नियमातून वगळायला हवं. सजावटीची फाइल वगळायची राहिली की लॉगिनचं पान उघडं-बोडकं, ओळीखाली ओळ असं दिसतं.

आतल्या आतही असा फेरा पडतो. फोल्डरपुरता नियम पत्ता बदलतो तेव्हा अपाची नव्या पत्त्यासाठी सगळे टप्पे पुन्हा चालवतो आणि तोच नियम पुन्हा समोर येतो. 'एल', म्हणजे हा शेवटचा नियम, अशी खूण केली तरी ती त्या फेरीपुरतीच असते. खरोखर थांबवायचं तर 'एंड' ही खूण लागते. ती अपाचीच्या २.४ आवृत्तीपासून सर्रास मिळते. नाहीतर दहा आतल्या फेऱ्यांनंतर सर्व्हर स्वतःच हात टेकतो.

लॉगिनकडे वळवताना ३०१ देऊ नये. ३०१ म्हणजे कायमचं. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि सभासदाने रीतसर लॉगिन केल्यावरही सर्व्हरला न विचारता त्याला पुन्हा लॉगिनकडे नेतो. अशा वेळी ३०२ हवं.

पत्ता लपवणं म्हणजे कुलूप नव्हे

रीराइटने २१४ ला त्याच्या कप्प्यात नेलं. पण २१४ ने पट्टीत स्वतःच आतला पत्ता टाकला आणि शेवटी २१५ लिहिलं तर? लॉगिन झालेलं आहे, ओळख पटलेली आहे. नियम फक्त 'सभासद/खाते' या पत्त्यासाठी होता, तो लागूच होत नाही. आतल्या कप्प्यावर स्वतंत्र तपासणी नसेल तर शेजाऱ्याचा हिशेब समोर येतो.

ओळख आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था सर्वांत गंभीर धोक्यांची यादी काढते. २०२१ च्या यादीत अधिकार तपासण्यातली ढिलाई पहिल्या क्रमांकावर होती. २०१७ च्या यादीत ती पाचवी होती. मोठमोठ्या साइटही पत्त्यातला एक आकडा बदलल्याने उघड्या पडतात, मग गावपातळीवरच्या कंपनीने तर जास्तच जपायला हवं. तिथे हिशेब शेजाऱ्याचा असतो, ओळखीच्या माणसाचा असतो.

म्हणून शिपायाकडे वाट दाखवण्याचंच काम ठेवावं. कुलूप कप्प्यावर लावावं. पावत्यांच्या पीडीएफ फाइली थेट पत्त्याने मिळतील अशा फोल्डरमध्ये ठेवूच नयेत. एनजिन्एक्समध्ये एखादा विभाग 'इंटर्नल' ठरवला की बाहेरून आलेल्या मागणीला तो ४०४ देतो. आतल्या प्रोग्रामने अधिकार तपासून परवानगी दिली तरच त्यातली फाइल निघते.

कुकीवर बेतलेल्या नियमांतही हीच चूक फार दिसते. "मागणीत अमुक नावाची कुकी असेल तर आत सोडा" असा नियम कुकी आहे एवढंच पाहतो. ती खरी आहे का हे पाहत नाही, आणि कुकी हाताने लिहून पाठवणं कुणालाही जमतं. कुकी नसलेल्याला लॉगिनकडे वळवायला हा नियम ठीक आहे. आत सोडायला नाही.

परतीची वाट आणि सामाईक संगणक

लॉगिन झाल्यावर माणसाला मूळ पानावर परत नेता यावं म्हणून त्याचा पत्ता लॉगिनच्या लिंकमध्ये मागे जोडतात. सोय चांगली आहे, पण तिथे कुठलाही पत्ता चालू दिला तर फसवणाऱ्याला आयतं साधन मिळतं. लिंकची सुरुवात विश्वासाच्या साइटची असते, लॉगिनही खऱ्या साइटवर होतं आणि त्यानंतर सभासद हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्याच साइटवर पोचतो. तिथे ओटीपी मागितला की तो बेसावधपणे देतोही. म्हणून परतीचा पत्ता आपल्याच साइटचा आहे ना, हे तपासूनच वळवावं.

सेवा केंद्रातल्या संगणकावर दिवसभरात कितीतरी लोकांची कामं होतात. एकाने लॉगआउट केलं तरी पुढच्याने 'मागे' हे बटण दाबताच ब्राउझरने साठवलेलं आधीचं पान दिसू शकतं. त्यासाठी सभासद विभागातल्या प्रत्येक उत्तरासोबत सर्व्हरने 'नो-स्टोअर', म्हणजे हे साठवू नका, अशी सूचना पाठवावी.

नियम नीट लागतात का हे पाहायला अपाची २.४ मध्ये रीराइटची नोंद सविस्तर लिहून घेता येते. ट्रेस १ ते ८ अशा तिच्या पायऱ्या आहेत आणि तिसरी बहुतेक वेळा पुरते. कुठला साचा कुठल्या पत्त्याला लावला आणि जुळला की नाही, हे ओळीने दिसतं. काम झालं की ती बंद करावी, नाहीतर नोंदीची फाइल फुगत जाते. मग तीन चाचण्या घ्याव्यात: लॉगिन न करता 'सभासद/खाते' मागून पाहावं, २१४ म्हणून लॉगिन करून तेच मागावं, आणि २१४ असतानाच २१५ च्या पावतीचा पूर्ण पत्ता टाकून पाहावा. पहिलीला ३०२ किंवा ४०१ यावा, दुसरीला २००. तिसरी चाचणी बहुतेक जण गाळतात. तिला ४०३ किंवा ४०४ आला नाही, तर साइट लोकांसाठी उघडू नये.